चंद्र न छापलेली रात्र

उरणच्या खाऱ्या दमट हवेत पुस्तक आधी पाठीतून जातं. कसर खळीवर तुटून पडते, शिवण उसवते आणि एक दिवस मुखपृष्ठ सुटं हातात येतं. माझ्या संग्रहातलं पहिलं मुखपृष्ठ मात्र कसरीनं नाही, बायंडरनं दिलं. मी शाळेत असताना ज्या वाचनालयात जायचो, तिथे नवी कादंबरी आली की आधी तिचं रंगीत मुखपृष्ठ उतरायचं. मग पुठ्ठा, वर काळं कापड, पाठीवर पांढरा नंबर. पेशवाई असो की घरगुती रडगाणं, सगळ्यांना एकच काळा कोट! उतरवलेली मुखपृष्ठं कपाटाच्या फळ्यांवर अंथरायला जायची. त्यातलं एक मी ग्रंथपालकाकांकडे मागितलं. फळीच्या मापानं वरचा भाग कापलेला होता, त्यामुळे कादंबरीचं नावच गेलं होतं. जांभळी रात्र, बुरुजावर नऊवारीतली बाई, खाली घोडेस्वार आणि कोपऱ्यात सही, ‘दलाल’.

मराठी कादंबरीचा इतिहास पटकन उरकतो. ‘मुक्तामाला’ १८६१ची, ‘मोचनगड’ १८७१ची. मग हरिभाऊ आपटे, मग सिंहगडावर कड्यावरून पडून अपंग झालेले आणि तरीही लिहीत राहिलेले नाथमाधव. पुढे १९६२ला ‘स्वामी’, १९६३ला ‘झेप’, आणि ऐतिहासिक कादंबरी घराघरात गेली. बाकी तुम्हाला ठाऊक आहेच.

मला खरं बोलायचंय ते त्या जांभळ्या रात्रीबद्दल. भिंगाखाली धरली की कळतं, जांभळी शाई नाहीच! निळ्याचा ब्लॉक एकदा छापलाय, त्यावर लाल, आणि दोन्ही एकावर एक आले तिथे रात्र झालीय. नुसता निळा आहे तो बुरुज, नुसता लाल तो पदर. आणि चंद्र? तो छापलेलाच नाही, तिथे कोरा कागद सोडलाय. प्रत्येक रंगाला वेगळा ब्लॉक, प्रत्येक ब्लॉकला वेगळे पैसे, त्यामुळे प्रकाशकाचा हात आखडलेला. दोन रंगांत चार रंगांचा भास करून देणं हे चित्रकाराचं काम. माझ्या प्रतीत लाल ब्लॉक केसभर सरकलाय, त्यामुळे बाईचा खालचा ओठ हनुवटीवर उतरलाय आणि ती कायम काहीतरी बोलायच्या बेतात दिसते. इतक्या वर्षांत कागद पिवळा पडला, तसा चंद्रही हळदीचा झाला.

दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) मूळचे गोव्याचे. १९४५ला त्यांनी ‘दीपावली’ हे नियतकालिक सुरू केलं. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या ‘राजा शिवछत्रपती’तली चित्रंही त्यांचीच. रघुवीर मुळगावकरही गोव्याचेच. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठं त्यांची, आणि घरोघरी टांगलेली देवांची कॅलेंडरंही. मुळगावकरांची बाई लोण्यासारखी, स्प्रेनं फुंकर घातल्यागत. अंगावर कुठे रेघ सापडायची नाही. दलालांची बाई रेघेतूनच उभी राहते. मानेपासून टाचेपर्यंत एक वळण, मध्ये हात उचललेला नाही. माझा कौल दलालांना. आमच्या घरात यावरून भांडणं झालीत. बायको मुळगावकरांच्या बाजूची आहे आणि तिच्या माहेरचं सगळं बिऱ्हाडही.

इतिहास म्हणून पाहाल तर ही चित्रं गमतीची. कुठल्याही शतकातली नायिका चोळी-नऊवारीत, शिलंगणाला निघाल्यासारखा घोडा, स्वारीवरून आलेला नायक दाढी करून ताजातवाना. पण एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिलीय: दोघं एकमेकांना हात लावत नाहीत. मध्ये तट असतो, खिडकी असते, निदान घोड्याची मान तरी. १९७२ला ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ आली. त्याच वर्षी अमेरिकेत कॅथलीन वुडिविसची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ आली, आणि तिच्यामागून आलेल्या कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवर मिठ्यांचा नुसता पूर लोटला. आमच्याकडे नायक आपला खालून वर बघतोय. मला तर त्या अंतरातच जास्त शृंगार दिसतो.

बुरुजाखालचा डोंगर मला अनेक वर्षं आमच्या उरणचा द्रोणागिरी वाटत आलाय. पुरावा काही नाही. मोरा बंदराच्या लाँचमधून तो डोंगर रोज पाहणाऱ्या माणसाला दुसरं काय वाटणार?

गेल्या वर्षी ते मुखपृष्ठ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मुंबईला भाऊच्या धक्क्यावर उतरलो आणि फाउंटनच्या फुटपाथवर एका जुन्या पुस्तकवाल्याला दाखवलं. “कुठल्या कादंबरीचं असेल हो?” त्यानं उलटंसुलटं करून पाहिलं, वाकून गठ्ठ्यातून एक काळ्या कापडाची, आतलं नावाचं पान गेलेली कादंबरी काढली आणि म्हणाला, “साहेब, ह्याला कव्हर नाही, तुमच्याकडे पुस्तक नाही. लावून टाका.”

घासाघीस करून घेतली. येताना ओहोटी लागली, लाँच बंद, म्हणून धक्क्यावरच बसून वाचायला काढली. चाळीस पानं झाली, अजून बुरुज आलेला नाही.