सिंफनी मैफल

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील मोठ्या वाद्यवृंदाचा जाहीर कार्यक्रम. आरंभी एखादी छोटी प्रारंभिका (ओव्हर्चर), नंतर एकलवादक व वाद्यवृंद यांच्या संवादावर आधारलेली कन्चेर्तो ही रचना आणि मध्यंतरानंतर बहुधा चार भागांची सिंफनी, असा तिचा रूढ क्रम आहे. श्रोत्यांच्या आवडीच्या जुन्या रचनांच्या जोडीला एखादी नवी रचना ऐकविण्याची प्रथा या मैफलीत दृढ झाली आहे.

अठराव्या शतकात अशा जोडणीची गरजच नव्हती. कारण मैफलीत वाजणारे संगीत बहुतांशी नवेच असे. मोट्सार्टने (१७५६–९१) २३ मार्च १७८३ रोजी व्हिएन्नात केलेल्या मैफलीत ‘हाफ्नर’ सिंफनीचे पहिले तीन भाग प्रारंभी आणि चौथा भाग अगदी अखेरीस वाजविला. रचना सलग व निःशब्दपणे ऐकावी, हा दंडक नंतरचा. एकोणिसाव्या शतकात हायडन, मोट्सार्ट व बेथोव्हन यांच्या कृतींना आदर्शाचे स्थान लाभले आणि दिवंगत रचनाकारांचे प्रमाण वाढत गेले. लाइपसिकच्या गेवांटहाउस वाद्यवृंदाचा संचालक मेंडेल्सझोन (१८०९–४७) याने १८३८ मध्ये ऐतिहासिक मैफलींची मालिका सुरू केली. परंतु शूमानची पहिली सिंफनीही त्यानेच १८४१ मध्ये प्रथम सादर केली.

आजच्या लोकप्रिय रचना एकेकाळी नव्या व नकोशा होत्या. चायकॉव्हस्कीच्या व्हायोलिन कन्चेर्तोवर तिच्या व्हिएन्नातील पहिल्या प्रयोगानंतर (१८८१) समीक्षक हान्सलिक याने कठोर टीका केली. तथापि वादक ब्रॉडस्की ती वाजवीत राहिला. हेन्री वुडने लंडनच्या प्रॉमनेड मैफलीत १९१२ मध्ये शनबेर्खच्या ‘पाच वाद्यवृंदरचना’ सादर केल्या, तेव्हा श्रोत्यांनी हुर्यो केली. वुडने १९१४ मध्ये खुद्द शनबेर्खला संचालनासाठी पाचारण केले आणि या वेळी त्याच रचनांचे स्वागत बरे झाले. नव्या रचनेची खरी कसोटी पहिल्या प्रयोगात नसून दुसऱ्या प्रयोगात असते. पहिल्या प्रयोगाला निदान कुतूहलाचे पाठबळ असते, दुसऱ्याला तेही नसते. आणि पुष्कळ रचना तेथेच संपतात.

कार्यक्रमाच्या आखणीत व्यावहारिक बाबींचा वाटा मोठा असतो. परिचित सिंफनी वादकांच्या हातात बसलेली असते. त्यामुळे पंधरा मिनिटांची नवी रचना सरावाचा मोठा भाग व्यापते. तिच्या स्वरलिप्या प्रकाशकाकडून भाड्याने आणाव्या लागतात. ती अखेरीस ठेवल्यास काही श्रोते आधीच निघून जातात, म्हणून ती प्रायः मध्यंतरापूर्वी ठेवतात. तालवाद्यांची मांडणी अवजड असेल, तर क्रम पुन्हा बदलावा लागतो. मात्र केवळ गुळात दडवून औषध द्यावे तशी ही जोडणी केली, तर ती श्रोत्याला तत्काळ उमगते. जुन्या व नव्या कृतींत आकृतिबंधाचे, लयीचे वा निदान वाद्यरंगांचे काही नाते असेल, तर दोन्ही अधिक स्पष्ट ऐकू येतात.

भारतीय संगीतकारांनीही या मैफलीसाठी रचना केल्या आहेत. रविशंकर (१९२०–२०१२) यांचा पहिला सतार कन्चेर्तो १९७१ मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने आंद्रे प्रेव्हिनच्या संचालनाखाली सादर केला. ‘रागमाला’ हा त्यांचा दुसरा कन्चेर्तो न्यूयॉर्क फिलहार्मॉनिक वाद्यवृंदाने मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांच्या संचालनाखाली १९८१ मध्ये वाजविला. मुंबईत २००६ मध्ये स्थापन झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने झाकिर हुसेन (१९५१–२०२४) यांच्याकडून ‘पेशकार’ हा तबला कन्चेर्तो लिहवून घेतला व २०१५ मध्ये तो प्रथम सादर केला. पेशकार म्हणजे स्वतंत्र तबलावादनातील प्रारंभीचा संथ विस्तार. वाद्यवृंद लिखित स्वरलिपीवर चालतो, तबलावादक उपजेवर. त्यामुळे आवर्तनाची सम संचालकाच्या इशाऱ्याशी नेमकी जुळविणे, हे अशा रचनेतील सर्वांत कठीण काम ठरते.