वटवाघळाला बोल लावण्यापूर्वी

वटवाघूळ म्हटलं की आपल्या तोंडून आधी ‘शी!’च निघतं. तिन्हीसांजेला घरात शिरलं तर अपशकुन! ‘निपाह’ तापाचं नाव ऐकल्यापासून तर त्याची धास्तीच बसली आहे. पण मैत्रिणींनो, शास्त्रज्ञ वटवाघळांच्या मागे लागले म्हणून कितीतरी जीव वाचले, हेही आपल्याला ठाऊक हवं.

ही गोष्ट सुरू होते मलेशियात. १९९८-९९ साली तिथं डुकरं पाळणाऱ्या वस्त्यांत मेंदूज्वराची साथ आली. शंभरावर माणसं दगावली. सुरुवातीला हा डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर समजून फवारणी झाली, लसी टोचल्या. ताप काही हटेना. निदानच चुकलं तर उपाय कसा लागू पडणार? १९९९ मध्ये डॉ. काव बिंग चुआ यांनी नवा विषाणू शोधला तेव्हा खरं कारण कळलं. हा रोग डुकरांकडून माणसांत येत होता. पण डुकरांना तो कुणी दिला?

संशय फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांवर होता. मग डॉ. चुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिओमान बेटावर वटवाघळं लटकतात त्या झाडांखाली प्लॅस्टिकचे कागद अंथरले आणि त्यांवर पडलेले मूत्राचे थेंब गोळा केले. त्या मूत्रात आणि एका अर्धवट खाल्लेल्या फळावर विषाणू सापडला! गोठ्यालगतच्या फळझाडांवरून उष्टी फळं खाली पडत, ती डुकरं खात, असा उलगडा झाला. उपाय साधाच निघाला: फळझाडं आणि गोठा यांत अंतर ठेवायचं.

बांगलादेशात तर डुकरांचाही संबंध नव्हता. तिथं थंडीत खजुरीच्या झाडाला मडकं बांधून गोड रस काढतात आणि सकाळी कच्चाच पितात. रात्री लावलेल्या कॅमेऱ्यांत वटवाघळं तोच रस चाटताना दिसली. मग मडक्यावर आणि झाडाच्या तासलेल्या भागावर बांबूच्या काड्यांचं झाकण बांधायचं ठरलं. आपण दुधावर जाळी ठेवतो ना, तसंच!

मग वटवाघळं मारूनच का टाकू नयेत? मुळीच नको. हा विषाणू अंगात असूनही ती स्वतः सहसा आजारी पडत नाहीत. हे कसं, याचाही अभ्यास चालू आहे. शिवाय ती झाडांचं परागीभवन करतात, बिया पसरवतात, किडे खातात. ऑस्ट्रेलियात निपाहच्या जातकुळीतल्या हेंड्रा विषाणूवर संशोधन झालं. रानातलं खाणं संपलं की वटवाघळं वस्तीजवळ येतात आणि त्यांच्याकडून विषाणूही जास्त बाहेर पडतो, असं त्यात दिसलं. म्हणजे झाडं तोडून संकट आपणच दारात आणतो.

आपल्या पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थाही या कामात आहे. २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने तिनं घेतले आणि त्यांत निपाहच्या खुणा मिळाल्या. घाबरायचं कारण नाही, जागं राहायचं आहे.

कारण घरात आजारपण आलं की उशाशी बसते ती बाईच. निपाह रोग्याच्या थुंकी-लाळेतून शुश्रूषा करणाऱ्यालाही होतो. २०१८ मध्ये केरळात लिनी पुतुश्शेरी या परिचारिकेचा रुग्णसेवा करतानाच बळी गेला. या रोगावर मान्यताप्राप्त लस अजून नाही. म्हणून काळजी हेच औषध.

‘पाखरानं टोचलेला पेरू गोड’ असं आपण लहानपणापासून ऐकतो. तो मोह आता सोडायचा. उष्टावलेलं किंवा झाडाखाली पडलेलं फळ मुलांना देऊ नये. फळं स्वच्छ धुऊन, साल काढून द्यावीत. उघड्या मडक्यातला ताडी-शिंदीचा कच्चा रस टाळावा. मेलेल्या वटवाघळाला हात लावू नये. साथीच्या भागात ताप, झापड, बरळणं दिसलं तर घरगुती काढ्यात वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्यावं. शुश्रूषा करताना तोंडाला मास्क बांधावा, हात साबणानं धुवावेत.

आणि झाडावरची वटवाघळं? ती तिथंच बरी. त्यांना दगड मारायला निघालेल्या मुलांना मात्र थांबवा.