कॅलिफोर्नियांतील मतदार आणि हिंदी शेतकरी

लोकांच्या हातीं कायदा करण्याची सत्ता आली कीं न्याय आपोआप होतो, असें मानणाऱ्यांनीं कॅलिफोर्नियाचा अनुभव अवश्य पाहावा. तेथें १९११ सालापासून मतदारांस खुद्द कायद्यांवरही कौल देतां येतो. याच अधिकारानें त्यांनीं १९२० सालीं, नागरिकत्वास अपात्र अशा आशियाई लोकांस शेतजमीन खंडानेंही मिळूं नये, असा कायदा केला. १९२३ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें हिंदी लोकांसही अपात्र ठरविलें, आणि इंपीरियल खोऱ्यांत राबणारे पंजाबी शेतकरी कचाट्यांत सांपडले. पुष्कळांस परक्याच्या नांवें शेती करावी लागली. आपली पेढी दुसऱ्याच्या नांवावर चालवावी लागली तर कोणत्या व्यापाऱ्यास झोंप येईल?

१९५६ च्या नोव्हेंबरांत हा कायदा रद्द करणारा १३ क्रमांकाचा ठराव मतास आला. संस्थानच्या न्यायालयानें तो कायदा १९५२ सालींच निर्बल ठरविला होता. मग मताची गरज काय? आमच्या मतें गरज होती. लोकांनीं लिहिलेला अन्याय लोकांनींच खोडावयास हवा होता, व त्यांनीं तो खोडला. त्याच दिवशीं त्या खोऱ्यांतून दलीपसिंग सौंद काँग्रेसवर निवडून आले. हे गणिताचे डॉक्टर, पण पोटासाठीं शेती केलेले, आणि १९४६ च्या कायद्यामुळें १९४९ सालीं नागरिक झालेले. प्रतिस्पर्धी होत्या प्रख्यात वैमानिक जॅकलीन कॉक्रन!

तिकडे मताधिकार मिळविलेल्या मराठी कुटुंबांनीं केवळ उमेदवारास मत देऊन ठरावांचे रकाने कोरे टाकूं नयेत. ठराव कोणाचा हक्क हिरावतो तें आधीं पाहावें. हिरावीत असेल, तर आमची शिफारस नकाराची आहे.