परिसर चांगला, हे कोण सांगतंय?

पुण्याच्या पश्चिमेला घर शोधणाऱ्या कुणाच्याही मोबाइलवर थोड्याफार फरकानं हाच मजकूर दिसतो: ‘बाणेरला लागून, हायवे पाच मिनिटांवर, हिंजवडी दहा मिनिटांवर, नामांकित शाळा हाकेच्या अंतरावर, परिसराला पाचपैकी चारच्या वर तारे.’ खाली नकाशा आणि त्यावर शाळा, दवाखाने, मॉल यांच्या खुणा. घराचे फोटो माणूस जरा संशयानं बघतो, कारण ते सजवून काढलेले असणार हे त्याला ठाऊक असतं. परिसराच्या माहितीवर मात्र तो पटकन विश्वास टाकतो. आकडे आणि नकाशा दिसला की ती कुणीतरी त्रयस्थानं तपासून दिली असावी असं वाटतं. आयुष्यभराची पुंजी आणि वीस वर्षांचं कर्ज ज्या माहितीच्या भरवशावर आपण लावतो, ती येते कुठून, हे आधी पाहायला हवं.

‘बाणेर लिहिलंय म्हणजे बाणेरच’

पोर्टलवर परिसराचं नाव निवडतो तो जाहिरात देणारा. साहजिकच शेजारचं जास्त भावाचं नाव पुढं केलं जातं. सूस किंवा म्हाळुंग्यातली इमारत बाणेरची होते, खालापूर तालुक्यातली पनवेलची होते. यात नुसत्या प्रतिष्ठेचा प्रश्न असता तर सोडून देता आलं असतं. पण पाणी, रस्ता, ड्रेनेज, कचरा कुणी बघायचा हे गावाच्या नावावरून ठरतं. सूस, म्हाळुंगे, वाघोली, मांजरी बुद्रुक अशी २३ गावं पुणे महापालिकेत आली ती ३० जून २०२१ रोजी. त्याआधी २०१७ मध्ये ११ गावं आली होती. हद्दीत येणं आणि नळाला पाणी येणं यांत किती वर्षं जातात, ते या गावांत राहणाऱ्यांना विचारा.

खरं नाव शोधायला फार खटपट लागत नाही. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचा आणि आठपेक्षा जास्त सदनिकांचा नवा प्रकल्प महारेराकडे नोंदवावाच लागतो, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात अशा प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की प्रकल्पाचं पान उघडतं. लोक तिथं ताबा कधी मिळणार तेवढी तारीख बघतात आणि पान बंद करतात. थोडं खाली जा. मौजे, तालुका, सर्व्हे किंवा गट नंबर आणि चतुःसीमा तिथं असतात. पूर्वेला ‘१८ मीटर डीपी रोड’ आहे की ‘नाला’, उत्तरेला दुसऱ्याची शेतजमीन आहे का, हे त्या चार ओळींत कळतं. पुढची सगळी चौकशी याच गट नंबरावर करायची असते, म्हणून तो लिहून घ्या.

‘सगळ्या सुविधा दिल्यात, म्हणजे पाणीही असणारच’

माझ्या मते घर शोधणाऱ्यांची सर्वांत जास्त फसगत इथं होते. पोर्टलवर जिम, क्लब हाऊस, स्विमिंग पूल यांना चौकटी असतात. पाण्यापुढं फार तर ‘२४ तास’ एवढंच लिहिलेलं असतं. ते नळाचं, बोअरचं की टँकरचं, हे कुणी सांगत नाही. आणि तांत्रिकदृष्ट्या ते खोटंही नसतं. टँकरनं भरलेल्या टाकीतूनही २४ तास पाणी येतंच.

हिशेब करून बघा. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हा आपल्याकडचा रूढ निकष आहे. १०० घरांची सोसायटी, घरात चार माणसं, म्हणजे रोज ५४ हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर नळ पूर्ण बंद असताना रोज पाच-सहा टँकर. हा खर्च कर्जाच्या हप्त्यात दिसत नाही, मेंटेनन्समध्ये दिसतो, आणि तो कधी संपणार हे कुणालाच सांगता येत नाही. उपनगरांत बांधकामाला परवानगी देताना, महापालिकेचं पुरेसं पाणी मिळेपर्यंत ते बिल्डर पुरवील, असं हमीपत्र घेण्याची पद्धत पुण्यात आहे. ग्राहकानं त्याची प्रत मागितली पाहिजे. सोसायटी स्थापन झाली आणि बिल्डर निघून गेला की त्या कागदाचं पुढं काय होतं, हेही विचारलं पाहिजे.

याचं उत्तर मिळतं शेजारच्या, तीन-चार वर्षं जुन्या सोसायटीत. तिथल्या खजिनदारांना एप्रिल-मे महिन्यांतली टँकरची बिलं किती झाली, एवढं विचारा. बहुतेक सोसायट्यांचे खजिनदार या विषयावर बोलायला एका पायावर तयार असतात.

‘इथं कधी पाणी भरलं नाही’

हे वाक्य एजंट अगदी मनापासून बोलतो, आणि त्याच्या आठवणीपुरतं ते खरंही असू शकतं. पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला, तेव्हा ज्यांच्या घरांत पाणी शिरलं त्यांतल्या बऱ्याच जणांना आपण ओढ्याकाठी राहतो याची एरवी जाणीवही नव्हती. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्याचा विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली. मुंबईचा २६ जुलै २००५ तर सगळ्यांनाच आठवतो. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता.

नदीकाठी जलसंपदा विभाग दोन पूररेषा आखतो. २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची लाल. ‘२५ वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मोठा घोटाळा केला आहे. लोकांना वाटतं, एकदा पूर येऊन गेला की पुढची २५ वर्षं निश्चिंत. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की दरवर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता शंभरात चार. २०१९ ला आला म्हणून २०२० ची शक्यता कमी होत नाही. वीस वर्षांच्या कर्जाच्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता काढली, तर ती ५६ टक्क्यांच्या आसपास जाते. लाल रेषेपर्यंतच्या पुरासाठी तीच शक्यता सुमारे १८ टक्के. ‘रिव्हर व्ह्यू’चे जादा पैसे मोजण्यापूर्वी हे दोन आकडे घरात सगळ्यांना सांगा.

हे झालं नदीचं. ओढ्यांची गोष्ट जास्त अवघड, कारण ओढे बुजवले जातात, वळवले जातात, भिंतीआड जातात. त्यासाठी एक सोपी, फुकटची तपासणी आहे. संगणकावर गूगल अर्थ उघडा, जागेवर जा आणि जुनी उपग्रहचित्रं दाखवणारी सोय सुरू करून वर्षं मागं न्या. आज जिथं पार्किंग दिसतं तिथं दहा-पंधरा वर्षांपूर्वी झाडांची नागमोडी हिरवी रेघ दिसली, तर तो ओढा होता असं समजून पुढची चौकशी करा. मोठा पाऊस झाला की पाणी त्याच जुन्या वाटेनं येतं.

‘स्टेशन, ऑफिस, शाळा, सगळं जवळ’

पोर्टलवरचं अंतर पुष्कळदा नकाशावरच्या दोन ठिपक्यांमधलं सरळ अंतर असतं. मध्ये नदी असो, रेल्वेचे रूळ असोत की लष्कराची भिंत, ठिपक्यांना फरक पडत नाही. मिनिटं मोजलेली असतात ती रिकाम्या रस्त्यावरची. घर बघायला आपणही रविवारी दुपारी जातो आणि ‘खरंच की, दहा मिनिटांत आलो’ म्हणून खूश होतो. गूगल मॅपमध्ये निघण्याची वेळ बदलता येते. मंगळवार, सकाळी पावणेनऊ, हिंजवडी फेज तीन असं टाकून बघा. मग परतीसाठी संध्याकाळी साडेसहा. नंतर एकदा पावसाळ्यातल्या कामाच्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन या. ॲप काहीही म्हणो, तीच वेळ खरी.

‘शाळा’ म्हणून दाखवलेली खूण कधी प्लेग्रुपची असते, कधी क्लासची. शिक्षण मंत्रालयाच्या यूडायस प्लस या संकेतस्थळावर शाळेचं माध्यम आणि ती कितवीपर्यंत आहे ते सापडतं. आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करणार असाल तर घर ते शाळा हे अंतर प्रवेशातच मोजलं जातं, तेव्हा तिथं जाहिरातीवर विसंबून चालणारच नाही.

मेट्रोचं म्हणाल, तर ‘प्रस्तावित’, ‘मंजूर’, ‘काम सुरू’ आणि ‘गाडी सुरू’ या चार वेगळ्या गोष्टी आहेत. भाव मात्र पहिल्याच शब्दाला वाढतो. नवी मुंबईच्या बेलापूर–पेंधर मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि ही जेमतेम ११ किलोमीटरची वाट प्रवाशांसाठी खुली झाली नोव्हेंबर २०२३ मध्ये. मेट्रोच्या भरवशावर खारघर-तळोज्यात घर घेतलेल्यांची मुलं तोवर पहिलीतून कॉलेजात गेली.

समोरच्या मोकळ्या जागेचंही तसंच. ती बाग म्हणून आरक्षित आहे की उद्या तिथं २२ मजले उभे राहणार, हे विकास आराखड्यात असतं. गट नंबर देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा काढता येतो. आराखड्यात रंगवलेला रस्ता म्हणजे झालेला रस्ता नव्हे, एवढं मात्र ध्यानात ठेवा. भूसंपादन अडलं तर तो वर्षानुवर्षं कागदावरच राहतो.

‘या भागातला रेट इतका चालू आहे’

पोर्टलवरचा सरासरी दर हा मागितलेल्या किमतींचा असतो, ठरलेल्या किमतींचा नव्हे. त्यातही कुणी कार्पेटवर भाव सांगतो, कुणी जुन्या सवयीनं सुपर बिल्टअपवर, आणि सरासरीत दोन्ही मिसळतात. रेरा कायद्यानुसार विक्री कार्पेट क्षेत्रफळावर व्हायला हवी, म्हणून तुलनाही त्याच आकड्याची करा. खरी किंमत कळते नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सेवेत. जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकला की सूची क्रमांक दोन दिसते. तिच्यात ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन वेगळे आकडे असतात. घेणाऱ्यानं दिले ते मोबदल्यात. बाजारभाव हा रेडी रेकनरवरून मुद्रांकासाठी काढलेला असतो. त्याच इमारतीतले गेल्या वर्षभरातले तीन-चार व्यवहार बघितले तरी घासाघीस करताना आवाज बदलतो.

ताऱ्यांबद्दल थोडक्यात सांगते. परिसराला तारे देणारे किती जण, त्यांतले राहणारे किती आणि विकणारे किती, हे बहुधा कळतच नाही. हवेचा आकडा जवळच्या मापन केंद्राचा असतो, आणि ते केंद्र पाच-सात किलोमीटरवर असू शकतं. तुमच्या खिडकीखालच्या आरएमसी प्लांटची धूळ त्यात नसते. ‘सुरक्षित परिसर’ हा शिक्का तर कशाच्या आधारावर मारला, ते विचारायलाच हवं. त्यापेक्षा घरातल्या मुलीनं किंवा आईनं रात्री साडेनऊला बसस्टॉपपासून गेटपर्यंत एकदा चालून बघावं. दिवे आहेत का, दुकानं उघडी आहेत का, माणसांची वर्दळ आहे का, हे त्या चालण्यात समजतं.

शेवटी एक कायद्याची गोष्ट. रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार बिल्डरच्या जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या मजकुरावर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासह परत मागता येतात. कलम १३ प्रमाणे करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. मात्र पोर्टलनं स्वतः दिलेले तारे आणि परिसराचं वर्णन हे बिल्डरचं आश्वासन ठरत नाही. म्हणून ‘महापालिकेचं पाणी’, ‘१८ मीटर रस्ता’, ‘समोर बाग’ असं जे काही तोंडी सांगितलं जाईल, ते बिल्डरच्या ईमेलवरून लेखी मागवा, जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा, आणि टोकन द्यायच्या आधी ते मुद्दे करारनाम्याच्या मसुद्यात आलेत का, ते वाचून घ्या.