पलंगाखालची पुस्तकं

कोपरीला आमच्या समोरच्या बिऱ्हाडात एक काकू राहतात. गेल्या दिवाळीच्या साफसफाईला मी त्यांच्या मदतीला गेले, तर पलंगाखालून एकेक गठ्ठा निघू लागला. मला वाटलं, रद्दी असेल. पाहते तो कोरी करकरीत पुस्तकं! आणि वर नाव काकूंचंच. वीस वर्षं वहीत लिहिलेल्या कविता त्यांनी भिशीच्या पैशांतून छापून घेतल्या होत्या. छापणाऱ्यानं सांगितलं, ''हजार प्रती काढा, स्वस्त पडतील.'' शंभरेक नातेवाइकांत वाटल्या, उरलेल्या पलंगाखाली गेल्या.

''हे म्हणतात, रद्दीवाल्याला देऊन टाक,'' काकू म्हणाल्या आणि पदरानं धूळ पुसत राहिल्या.

मैत्रिणींनो, त्या दिवशी मला राहून राहून बहिणाबाई चौधरींची आठवण झाली. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. शेतात राबताना, जात्यावर बसल्या बसल्या गाणं सुचे आणि त्याच ते गात. घरच्यांनी ती गाणी टिपून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. मुलानं, म्हणजे कवी सोपानदेवांनी, ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. वही उघडलीच नसती तर? आपल्या लेखी बहिणाबाई नसत्याच. ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ मध्ये छापलं गेलं, पण पुढे ते असं विसरलं गेलं की पुन्हा लोकांसमोर यायला १९७५ साल उजाडलं. पुस्तक नुसतं छापून भागत नाही, ते कुणाच्या तरी हातात पडावं लागतं.

गाण्याचंही तेच. आपल्या ठाण्याच्या आगरी-कोळी लग्नांत धवले गाणारी धवलारीण असते. वाद्यांचा बडेजाव नाही, कागद नाही, सगळं तोंडपाठ. आता हळदीला मोठे कर्णे लागतात आणि तिचा आवाज त्यात बुडतो. तुमच्या घरी अशी कुणी आजी, आत्या असेल तर तिला विचारून मोबाइलमध्ये तिचं गाणं भरून ठेवा. उद्यावर टाकू नका.

स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्याला श्रोते मिळत नाहीत असं मात्र नाही. संदीप खरे यांनी २००३ पासून सलील कुलकर्णींबरोबर 'आयुष्यावर बोलू काही' हा कार्यक्रम केला. कवी आपल्याच कविता गातो आहे आणि नाट्यगृहं भरताहेत, हे आपण पाहिलं. आज तर घरात बसून गाणं ध्वनिमुद्रित करता येतं आणि थोड्या प्रतींचं पुस्तकही काढता येतं. पण काकूंसारखी फसगत नको, म्हणून काही गोष्टी गाठीशी बांधा.

पहिली : हजार प्रतींच्या मोहात पडू नका. आधी पन्नास काढा, खपल्या की पुन्हा काढा. एक प्रत जरा महाग पडेल, पण पैसा अडकून राहणार नाही.

दुसरी : पुस्तकाला जो आयएसबीएन क्रमांक लागतो, तो दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून फुकट मिळतो, स्वतः पुस्तक काढणाऱ्यालाही. त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर कशाचे ते विचारा.

तिसरी : लेखनाचा हक्क लिहिता क्षणीच तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. तो तुमच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं वारसांना राहतो. कुणाला द्यायचाच झाला तर लेखी द्या आणि किती वर्षांसाठी ते लिहा. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो.

चौथी, गाणाऱ्यांसाठी : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा मानधनातला वाटा कंपनीला करार करूनही काढून घेता येत नाही. ते गोळा करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून आहे. तिचं सभासद होता येतं.

हे झालं लिहिणाऱ्यांचं. आणि आपण वाचणाऱ्यांनी काय करायचं? आपल्या वाचनालयात नव्या लेखिकेचं पुस्तक मागा. मागणी असेल तरच ते कपाटात येतं. कोपरीतून स्टेशन ओलांडलं की पलीकडे १८९३ साली स्थापन झालेलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. आणि ओळखीच्या लेखिकेकडे ''एक प्रत द्या ना'' असं म्हणू नका, विकत घ्या. साडीला फॉल लावून देणारीला आपण पैसे देतोच ना?

आमच्या इमारतीत यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी प्लॅस्टिकचे डबे आणले नाहीत. काकूंची तीस पुस्तकं छापील किमतीला घेतली आणि तीच वाण म्हणून लुटली. काकू पैसे घेईनात. मी म्हटलं, ''मग डबेच आणते.'' तेव्हा घेतले.

आठवड्याभरानं तिसऱ्या मजल्यावरची सून जिन्यात काकूंना थांबवून म्हणाली, ''काकू, तुमची ती माहेरच्या विहिरीची कविता आहे ना, ती आईला फोनवर वाचून दाखवली. आई रडली हो.''

काकू काही बोलल्या नाहीत. पण परवा त्यांच्याकडे गेले, तर गठ्ठे पलंगाखाली नव्हते. काका स्टुलावर चढून भिंतीला फळी ठोकत होते आणि काकू खालून खिळे देत होत्या.