हाताने फिरवायची गाडी: सॅन फ्रान्सिस्कोच्या टर्नटेबलची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आज जाऊ या अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोला.

पॉवेल आणि मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर केबल कार येते. प्रवासी उतरतात. गाडी रस्त्यातच बसवलेल्या एका मोठ्या गोल चकतीवर जाते आणि कर्मचारी खाली उतरून ती गाडीसकट चक्क हाताने ढकलत फिरवतात. तोंड वळलं की गाडी परत निघायला तयार! ही चकती म्हणजे टर्नटेबल.

पण एवढा खटाटोप कशाला? कारण गाडीला इंजिनच नाही. रस्त्याखाली एक पोलादी दोर तासाला सुमारे १५ किलोमीटर वेगाने सतत पळत असतो. ग्रिपमन दांडा ओढून चिमट्यात तो दोर पकडतो, की गाडी चालली. पॉवेलच्या गाड्यांत हा दांडा फक्त पुढच्या टोकाला असतो. म्हणून शेवटच्या स्टॉपवर गाडी वळवावीच लागते. कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या गाड्या दोन्ही बाजूंनी चालतात, त्यांना टर्नटेबल लागत नाही.

शहरातली पहिली केबल कार अँड्र्यू हॅलिडीने १८७३ मध्ये चालवली. पॉवेलची लाइन आली १८८८ मध्ये. रुळांमधलं अंतर जेमतेम साडेतीन फूट, म्हणजे तिकडच्या हिशेबाने नॅरो गेज.

१९४७ मध्ये महापौर रॉजर लॅपहॅम म्हणाले, या गाड्या काढा, बस आणा. फ्रीडेल क्लसमन नावाच्या बाईंनी महिला मंडळांना एकत्र आणलं आणि प्रश्न थेट मतदानाला नेला. लोकांनी प्रचंड बहुमताने गाड्या राखल्या. पण लढाई संपली नव्हती. १९५४ च्या मतदानात त्या हरल्या आणि बरेचसे मार्ग बंद झाले.

हाइड स्ट्रीटचे रूळ मात्र उरले. तिथे आधी दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या गाड्या होत्या. १९५७ मध्ये ते पॉवेलच्या लाइनला जोडले, आणि एकतोंडी गाड्या वळवायला बीच स्ट्रीटजवळ टर्नटेबल बसवावं लागलं. म्हणजे हे टर्नटेबल जिंकल्याची खूण आहे, तशीच हरल्याचीही.

१९९७ मध्ये त्याच जागेला क्लसमनबाईंचं नाव दिलं. आजही तिथे प्रत्येक गाडी माणसंच ढकलून वळवतात.

भेटू पुढच्या भागात!