आजीच्या ओव्या आणि ५० हर्ट्झची घूंऽऽ

'फिल्टर' म्हटलं की आपल्याला आठवतं सबमिशन. सेमीलॉग पेपरवर काढलेला तो सुंदर वक्र, आणि शेजारच्याच्या फाइलमधून उतरवलेली रीडिंग्ज. मीही त्यातलाच. पण एका जुन्या कॅसेटने मला फिल्टर पहिल्यापासून शिकवला, त्याची ही गोष्ट.

आमच्या घरी १९८६ सालची एक कॅसेट आहे. त्यात आजी जात्यावर बसून ओव्या म्हणते आहे. आजी आता नाही आणि तिचा आवाज फक्त या एकाच कॅसेटवर आहे. पण ती लावली की आधी ऐकू येते ती 'घूंऽऽ'. आवाज वाढवावा तर घूंही वाढते. आई म्हणाली, "तू इलेक्ट्रॉनिक्सला आहेस ना? एवढी घूं काढून दे की." मी ऐटीत म्हणालो, "हा:! एक फिल्टर लावला की झालं."

ते 'झालं' व्हायला पाच आठवडे लागले!

चाळणीला काय कळतं?

फिल्टर म्हणजे चाळणी. पण चाळणीला तांदूळ कुठला आणि खडा कुठला हे कळत नाही, तिला फक्त आकार कळतो. तांदळाएवढाच खडा असेल तर चाळून उपयोग नाही, तो निवडावाच लागतो. फिल्टरलाही आजी आणि घूं यांतला फरक कळत नाही. त्याला कळते फक्त फ्रिक्वेन्सी.

घूं म्हणजे मेन्सचा ५० हर्ट्झचा हम, आणि आजीचा आवाज त्याच्या बराच वर. मग सरळ हाय-पास लावावा, असं मी ठरवलं. एक रेझिस्टर, एक कपॅसिटर. सूत्र आपल्या सगळ्यांना पाठ आहे: कटऑफ म्हणजे १ भागिले (२ गुणिले पाय गुणिले आर गुणिले सी). १० किलो-ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड घेतले की उत्तर येतं १५९ हर्ट्झ. अशा एका आरसीचा उतार असतो दर दशकाला २० डीबी. म्हणजे ५० हर्ट्झचा हम साधारण १०.५ डीबीने कमी होऊन ३० टक्क्यांवर येतो. जात नाही, पण दबतो.

आईला ऐकवलं. तिने डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "अरे, जातं कुठे गेलं?"

मी पुन्हा ऐकलं. खरंच, ओवीच्या खाली चालणारी जात्याची घरघर पातळ झाली होती. तीही खालच्याच फ्रिक्वेन्सीची! माझ्या दृष्टीने तो नॉइज होता, आईच्या दृष्टीने ते अर्धं गाणं होतं. कुठला आवाज ठेवायचा हे सर्किट ठरवत नाही, ते आपण आधी ठरवायचं असतं. मी ते ठरवलंच नव्हतं.

फक्त ५० काढा, बाकी राहू द्या

म्हणजे हवा होता नॉच फिल्टर, एकच फ्रिक्वेन्सी खाणारा. पुस्तकातला प्रसिद्ध नॉच म्हणजे ट्विन-टी. एका टीमध्ये दोन रेझिस्टर आडवे आणि मधून ग्राउंडला दुप्पट कपॅसिटर. दुसऱ्या टीमध्ये दोन कपॅसिटर आडवे आणि मधून ग्राउंडला निम्मा रेझिस्टर. दोन्ही टी समांतर जोडायचे. नॉचच्या फ्रिक्वेन्सीला दोन्ही वाटांनी येणारे सिग्नल एकमेकांच्या बरोबर उलट असतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात.

०.१ मायक्रोफॅरड धरला तर ५० हर्ट्झसाठी रेझिस्टर येतो ३१.८ किलो-ओहम. तो बाजारात मिळत नाही. २७ किलो आणि ४.७ किलो सिरीजमध्ये जोडले की ३१.७ होतात आणि नॉच येतो ५०.२ हर्ट्झला. निम्मा रेझिस्टर हवा तर असेच दोन समांतर, दुप्पट कपॅसिटर हवा तर तसेच दोन समांतर. म्हणजे एकूण चार सारखे रेझिस्टर आणि चार सारखे कपॅसिटर.

पण साध्या ट्विन-टीची एक गोची आहे. त्याचा क्यू फक्त ०.२५ असतो. म्हणजे ५० काढताना त्याच्या ३ डीबीच्या कडा साधारण १२ पासून २१२ हर्ट्झपर्यंत पसरतात. पुन्हा जातं गायब! उपाय असा की ग्राउंडला जाणारे दोन्ही पाय ग्राउंडला न जोडता, आउटपुटचाच एक हिस्सा त्यांना परत द्यायचा. ९५ टक्के परत दिला की क्यू होतो ५ आणि नॉचची रुंदी उरते सुमारे १० हर्ट्झ. त्यासाठी टीएल०७२ ही एकच आयसी पुरते, तिच्यात दोन ऑप-अँप असतात. एक आउटपुटला बफर, दुसरा प्रिसेटवरून घेतलेल्या ९५ टक्क्यांना बफर.

टेस्टिंग, म्हणजे खरा पेपर

ब्रेडबोर्डवर जुळवलं, फंक्शन जनरेटरमधून १ व्होल्ट दिला, सीआरओ लावला. खोल दरी दिसेल या आशेने नॉब फिरवू लागलो. दरी कसली, खड्डासुद्धा नाही! सगळ्यात कमी आउटपुट ३५० मिलिव्होल्ट, म्हणजे उणे ९ डीबी, आणि तेही ४७ हर्ट्झच्या आसपास.

लॅबमधले सर आले, बोर्डाकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "कपॅसिटर मोजलेस का रे?"

मोजले नव्हते! त्यावर ०.१ लिहिलंय ना, मग ०.१ च असणार. एलसीआर मीटरवर लावले तर माझे चार डिस्क सिरॅमिक निघाले ०.०९२ पासून ०.१२१ पर्यंत. या प्रकारच्या कपॅसिटरमध्ये २० टक्क्यांचा फरक सर्रास असतो. साध्या आरसीमध्ये त्याने कटऑफ थोडा सरकतो इतकंच. पण नॉचमध्ये दोन सिग्नल तंतोतंत सारखे होऊन एकमेकांना खायला हवेत, तिथे ही तफावत चालत नाही. आणि क्यू जितका वाढवाल तितकी जुळणी जास्त काटेकोर लागते. नॉच अरुंद करण्याची ही किंमत आहे.

मग वीस पॉलिएस्टर कपॅसिटर आणले, एकेक मोजून कागदावर लिहिले आणि एका टक्क्याच्या आत बसणारे चार निवडले. रेझिस्टर १ टक्क्याचे मेटल फिल्म घेतले. आता १ व्होल्टचे ४० मिलिव्होल्ट झाले, उणे २८ डीबी, आणि बरोबर ५०.२ ला. फ्रिक्वेन्सी जनरेटरच्या डायलवर न वाचता काउंटरवर मोजली. या वेळचा सेमीलॉग पेपर माझा स्वतःचा होता.

त्या संध्याकाळी कॅसेट लावली... आणि घूं होतीच! पहिल्या साध्या आरसीइतकीच, म्हणजे जवळपास ३० टक्के.

पॉज दाबा!

दोन दिवस मी सर्किटवरच संशय घेत बसलो. सोल्डर पुन्हा केलं, आयसी बदलली. शेवटी सहज कॅसेटचं पॉज बटण दाबलं आणि घूं बंद झाली. तेव्हा डोक्यात बत्ती पेटली. घूं प्लेअरमधून येत नव्हती, ती टेपवर रेकॉर्ड झालेली होती. (पॉज दाबूनही राहिली असती तर दोष प्लेअरच्या पॉवर सप्लायचा, बहुधा १०० हर्ट्झचा. तिथे नॉच न लावता फिल्टर कपॅसिटर बदलायचा असतो.)

आणि टेपवरचा ५० हर्ट्झ हा ५० च राहील हे कशावरून? कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. रेकॉर्ड करणारं यंत्र थोडं हळू आणि माझा प्लेअर थोडा जलद असेल, तर सगळ्या फ्रिक्वेन्सी त्या प्रमाणात वर सरकणार. हमसुद्धा!

तपासायचं कसं? लिसाजू आकृती! व्हायवात विचारतात आणि आपण विसरतो, तीच. दोन ओव्यांमधला शांत तुकडा लावला, हम स्वच्छ दिसावा म्हणून १५९ हर्ट्झच्या लो-पासमधून नेला आणि सीआरओच्या एका चॅनलला दिला. दुसऱ्या चॅनलला छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या ६ व्होल्ट सेकंडरीवरून मेन्सचा संदर्भ. (मेन्स थेट सीआरओला कधीही लावू नका. जीव आणि सीआरओ, दोन्ही जातील.) एक्स-वाय मोडवर टाकलं तर लंबवर्तुळ स्थिर न राहता लोळत होतं. घड्याळ लावून मोजलं, ५ सेकंदांत ९ फेऱ्या. म्हणजे १.८ हर्ट्झचा फरक. काउंटरने दिशाही सांगितली: हम ५१.८ ला होता. क्यू ५ चा माझा नॉच ५१.८ ला हिशोबाने ३० टक्के सिग्नल सोडतो. फिल्टर अगदी बरोबर होता, मी त्याला चुकीचा पत्ता दिला होता.

नॉच ५१.८ ला सरकवता आला असता. पण मग लक्षात आलं की हम ३.६ टक्के वर सरकलाय म्हणजे आजीचा आवाजही तितकाच वर सरकलाय! अर्ध्या अर्धसुरापेक्षा जास्त... म्हणून आई नेहमी म्हणायची, "आईचा आवाज एवढा बारीक नव्हता."

माझ्या प्लेअरच्या मोटरच्या मागच्या भोकात वेगाचा एक बारीक प्रिसेट आहे. लंबवर्तुळ बघत बघत तो हलके फिरवला. लोळणं मंदावलं, आणखी मंदावलं, आणि जवळजवळ थांबलं. हम ५० वर आला, नॉचच्या दरीत पडला आणि पंधराव्या हिश्श्याहूनही कमी उरला. जी घूं मी फेकून द्यायला निघालो होतो, तिनेच मला टेपचा वेग सांगितला.

इथे एक पथ्य. १९८६ ची आपली ग्रिड ५० वर घट्ट उभी राहत नसे, कधी ४९ च्याही खाली जाई. पश्चिम विभागात जुलै २००२ मध्ये वारंवारतेशी जोडलेली दरपद्धत आली आणि मग ती सुधारली. आता ग्रिड संहितेतला पट्टा ४९.९० ते ५०.०५ असा आहे. तेव्हा रेकॉर्डिंगच्या दिवशी ग्रिड ४९ वर असेल तर माझा वेग अजूनही २ टक्के जास्त आहे, सुमारे एक तृतीयांश अर्धसूर. लिसाजू ही चूक दाखवू शकत नाही.

"ऑडॅसिटीत दोन मिनिटांचं काम होतं की!"

हे मला वर्गातल्या निम्म्या लोकांनी ऐकवलं. बरोबर आहे, कॉम्प्युटरवर नॉच लावायला कपॅसिटर निवडावे लागत नाहीत. पण ते सॉफ्टवेअरही दोन गोष्टी विचारतं, फ्रिक्वेन्सी किती आणि क्यू किती? पहिल्या दिवशी मी तिथेही ५० च टाकलं असतं आणि घूं तिथेही राहिली असती.

म्हणून ज्युनिअर्सना एवढंच सांगणं: फिल्टर डिझाइन करण्याआधी, काय काढायचंय ते मोजा. काय ठेवायचंय ते ज्याला ऐकायचंय त्याला विचारा. पार्ट्सवर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. आणि सर्किट जनरेटरवर पास झालं म्हणजे कामावर पास झालं असं समजू नका.

शेवटी आईला बोलावलं. या वेळी तिने काही विचारलं नाही. जात्याची घरघर सुरू झाली, आजीने पहिली ओवी उचलली आणि आई हळूच तिच्याबरोबर म्हणू लागली. पूर्वी ती कॅसेटबरोबर कधी म्हणायची नाही, सूर जुळत नसे.